कापडी टपाची धुलाई

मोटारीचे छप्पर पत्र्याचे असेल तर ते धुण्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही. पण उघडझाप करता येणाऱ्या कापडी टपाच्या मोटारी युरोप-अमेरिकेत आजही तयार होतात, आणि टप धुण्याबाबत मालकाला बऱ्याच सूचना दिलेल्या असतात. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, पाण्याचा जोराचा फवारा जवळून मारू नका, कपडे धुण्याची पावडर वापरू नका, साबणाचा अंश मागे ठेवू नका, ओल्या टपाची घडी घालू नका. एवढे 'नका' कशासाठी, हे समजून घ्यायचे तर मोटारीच्याही आधीच्या काळात, ग्लासगो शहरातल्या डांबराच्या पिंपांपर्यंत मागे जावे लागते.

चार्ल्स मॅकिंटॉश हा तिथला रसायन-कारखानदार. दिव्यांसाठी दगडी कोळशापासून वायू तयार करताना उरणारे डांबर आणि अमोनियायुक्त पाणी तो विकत घेई. त्याला अमोनिया हवा होता, रंग बनवण्यासाठी. डांबरातून निघणाऱ्या नॅफ्था या द्रवाचे काय करायचे, हा प्रश्न होता. नॅफ्थात रबर विरघळते हे जेम्स साइम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १८१८ मध्ये दाखवले होते. (हा साइम पुढे नामवंत शल्यविशारद झाला. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा जनक जोसेफ लिस्टर हा त्याचा जावई.) मॅकिंटॉशने रबराचे हे द्रावण कापडाला लावले आणि वर दुसरे कापड दाबून बसवले. चिकट रबर मधोमध, दोन्ही बाजूंना कापड. १८२३ साली त्याला या कापडाचे पेटंट मिळाले. मेणकापड आणि तेलकापड त्याआधीही होते, पण ते ताठ असे व घडीवर तडकत असे. हे कापड मात्र मऊ होते.

तरीही त्यात खोड्या होत्याच. थंडीत रबर कडक होई, उन्हात पाघळे. शिंप्याची सुई जिथे जाई तिथे भोक पडे आणि नेमके तिथूनच पाणी झिरपे. आणखी एक गंमत म्हणजे लोकरीतील नैसर्गिक स्निग्धांश रबराला खराब करी. आपल्याकडे धनगराची घोंगडी पावसात लवकर भिजत नाही, त्यात ज्या स्निग्धांशाचा हातभार आहे, तोच इथे शत्रू ठरला! उष्णता व थंडीच्या त्रासावर उपाय सापडला तो अमेरिकेत. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर व गंधक एकत्र तापवून पाहिले. गंधकाच्या अणूंमुळे रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधल्या जातात, आणि मग रबर पाघळतही नाही व तडकतही नाही. इंग्लंडमध्ये याच प्रक्रियेचे पेटंट मॅकिंटॉशचा भागीदार टॉमस हॅनकॉक याने मिळवले. त्याच्या हाती गुडइयरच्या रबराचे नमुने आधीच आले होते, हे इथे सांगायलाच हवे. गुडइयर १८६० साली मरण पावला तो कर्जबाजारी अवस्थेत.

१८८६ साली कार्ल बेन्झची पहिली मोटार आली ती उघडीच होती. पुढची जवळजवळ पस्तीस-चाळीस वर्षे बहुसंख्य मोटारी उघड्या असत आणि पावसापुरता कापडी टप ओढून घेतला जाई. त्यासाठी मॅकिंटॉशचे दुपदरी कापड तयारच होते. आजच्या चांगल्या टपाची रचनाही तीच आहे. वरचा थर बहुधा अ‍ॅक्रिलिक धाग्याचा, मध्ये ब्यूटिल रबर, खाली सूत व पॉलिएस्टरचे अस्तर. ब्यूटिल हे कृत्रिम रबर १९३७ सालचे. त्यातून हवा अतिशय सावकाश झिरपते, म्हणून ते टायरच्या ट्यूबसाठीही वापरले जाते.

आता पहिला 'नका' उलगडतो. मॅकिंटॉशला रबर कापडावर पसरवता आले ते नॅफ्थामुळे, आणि पेट्रोल हे नॅफ्थाचेच भावंड. गंधकाने बांधलेले रबर त्यात पूर्ण विरघळत नाही, पण फुगते, आणि थरांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ सैल होतो. डाग जातो आणि टपाला फोड येतात. जोराच्या फवाऱ्याचे कारण शिंप्याच्या सुईत आहे. शिवणीची भोके आजही आहेतच, आणि दाबाखालचे पाणी त्यांतून आत घुसते. ओल्या घडीत अस्तराच्या सुतावर बुरशी धरते.

साबणाचा मुद्दा जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे. टपावर पडलेल्या पावसाचे टपोरे थेंब होऊन ते घरंगळतात. थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो त्याचा नियम टॉमस यंगने १८०५ मध्ये मांडला. पण कापड हा काही काचेसारखा सपाट पृष्ठभाग नव्हे. १९४४ मध्ये कॅसी आणि बॅक्स्टर या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवले, की थेंब धाग्यांच्या माथ्यांवर टेकतो आणि मधल्या फटींत हवा राहते. म्हणजे थेंब बराचसा हवेवरच बसलेला असतो. बदकाच्या पिसांचे रहस्यही हेच. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, साबणाने तो निम्म्याहूनही खाली येतो. मग पाणी फटींत उतरते, हवा निघून जाते आणि वरचा थर ओलाचिंब होतो. धुतल्यावर साबण धाग्यांत राहिला तर पुढचा पाऊस येईल तेव्हाही हेच घडेल. छत्रीच्या कापडाचे दोन तुकडे घ्या, एक साबणाच्या पाण्यात बुडवून न खळबळता वाळवा, आणि दोन्हींवर ड्रॉपरने थेंब टाका. वर्गात पाच मिनिटांत फरक दिसेल.

त्यामुळे टप धुण्याची रीत साधीच ठरते. गाडी सावलीत, टप लावलेला. आधी कोरडी धूळ मऊ ब्रशने झटकावी, मग भरपूर साधे पाणी, मग सौम्य, अल्कधर्मी नसलेले द्रव अपमार्जक पातळ करून विणीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावे, आणि फेस दिसेनासा झाल्यावरही आणखी पाणी ओतावे. पक्ष्यांची विष्ठा खरवडू नये, भिजवून सुटू द्यावी. मागची खिडकी मऊ पीव्हीसीची असेल तर ती कधीही कोरडी पुसू नये, धुळीच्या कणांनी ओरखडे पडतात. (माझदाच्या एमएक्स-५ या लोकप्रिय गाडीला १९९८ मध्ये काचेची खिडकी मिळाली.) आपल्या रिक्षांच्या टपाला मात्र इतके सांभाळावे लागत नाही. त्याच्या रेक्झिनला वरच पीव्हीसीचा थर असतो, पाणी धाग्यांपर्यंत पोचतच नाही.

धुऊन वाळलेल्या टपावर जलरोधी फवारा मारण्याची पद्धत आहे, आणि इथे प्रश्न मोटारीपुरता राहत नाही. १९५३ मध्ये अमेरिकेतील ३एम कंपनीच्या प्रयोगशाळेत एक फ्लुओरीनयुक्त द्रव बुटावर सांडला. तेवढ्या जागेवर पाणीही टिकेना व तेलही. पॅट्सी शर्मन आणि सॅम्युएल स्मिथ यांनी त्यातून स्कॉचगार्ड हा लेप तयार केला. कार्बन-फ्लुओरीन बंध फार बळकट असल्याने असे पदार्थ टिकाऊ असतात, पण माती-पाण्यात गेल्यावरही ते तसेच टिकतात. माणसांच्या रक्तातही ते सापडले. स्कॉचगार्डमागील पीएफओएस या संयुगवर्गाचे उत्पादन थांबवण्याची घोषणा ३एमने २००० साली केली, आणि २००९ मध्ये स्टॉकहोम करारात त्याचा समावेश झाला. आता फ्लुओरीन नसलेले, मेणाचे वा सिलिकोनचे फवारेही मिळतात. त्यांच्यावरून पाणी ओघळते, तेल मात्र ओघळत नाही. असा टप रस्त्यावरच्या धुरकट, तेलकट मळाने लवकर काळवंडतो, आणि पुन्हा धुवावा लागतो.