मालगुंडात वाघ आला होता का?

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

गेल्या मे महिन्यात मी आजीकडे होते, मालगुंडला. रत्नागिरी जिल्हा, गणपतीपुळ्याच्या शेजारी, कवी केशवसुतांचं जन्मगाव. रात्री साडेअकराला वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पडला. डांबरी रस्त्यावर उभा भलामोठा पट्टेरी वाघ, आणि खाली मजकूर : ‘मालगुंडात वाघ. पोराबाळांना सांभाळा.’ मी फोटो मोठा करून बघितला. रस्त्याकडेची माती काळीभोर! आमच्याकडे माती तांबडी, दगड जांभा. मी लगेच लिहिलं, ‘फेक आहे’, वर चार हसणारे इमोजी टाकले. मग सगळा ग्रुपच हसला.

दोन दिवसांनी कळलं, त्याच रात्री शेजारच्या काकूंची शेळी गोठ्यातून गेली होती. मागच्या गडग्यापर्यंत ओढत नेल्याची खूण होती. काकूंनी कुणालाच कळवलं नव्हतं. म्हणाल्या, “तुम्ही सगळी हसत होतात, मी काय सांगणार?”

म्हणजे फोटो खोटा निघाला, म्हणून शेळीही खोटी ठरली.

मी म्हटलं, “काकू, पण तो बिबट्या असणार. वाघ नव्हे.” तर त्या म्हणतात कशा, “अगो, वाघच तो. अंगावर ठिपके होते म्हणून काय मांजर म्हणू त्याला?”

इथेच या वादाची पहिली गाठ आहे. कोकणात बिबट्यालाही सर्रास ‘वाघ’ म्हणतात. फरक सांगायचाच झाला तर दुसऱ्याला ‘पट्टेरी वाघ’ किंवा ‘ढाण्या वाघ’ म्हणायचं. रात्री तर जुनी माणसं नावच घेत नाहीत, नुसतं ‘जनावर’ म्हणतात. कोकणात आणि घाटात जागोजागी वाघजाईची देवळं आहेत. तिथे नमस्कार करणारा माणूस पट्टे की ठिपके असं विचारत बसत नाही. गोठ्याच्या दृष्टीने दोन्ही वाघच. त्यामुळे गावातला माणूस ‘वाघ बघितला’ म्हणतो आणि शहरातला ‘अशक्य!’ म्हणतो, तेव्हा दोघं दोन वेगळ्या प्राण्यांबद्दल बोलत असतात.

आता जरा मागे जाऊ. इंग्रज सरकारने 1880 मध्ये रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर छापलं. त्यात वाघ आणि बिबट्या यांची वेगवेगळी नोंद आहे. तेव्हा दोघांनाही मारण्याबद्दल सरकारी इनाम मिळायचं. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार 1875 ते 1925 या 50 वर्षांत भारतात 80 हजारांहून जास्त वाघ आणि दीड लाखांहून जास्त बिबटे मारले गेले. पट्टेरी वाघाला मोठं सलग जंगल लागतं, मोठी शिकार लागते. ते संपलं तसा किनाऱ्याकडचा वाघ गेला. बिबट्याचं तसं नाही. त्याला कुत्रं चालतं, शेळी चालते, लपायला ओसाड पडलेली बाग चालते. माणसं मुंबईला गेली, बागांमध्ये रान माजलं, त्याची सोयच झाली.

आणि हे फक्त कोकणातच नाही. विद्या अत्रेय यांनी नगर जिल्ह्यात अकोल्याच्या शेतांमध्ये कॅमेरे लावून मोजणी केली. 2013 मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की 100 चौरस किलोमीटरला साधारण 5 बिबटे. अभयारण्यात नव्हे, शेतीवाडीत!

मग पट्टेरी वाघ कायमचा गेला का? तर नाही. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. पुढची 8 वर्षं पावलांचे ठसे, विष्ठा, लोकांचे शब्द, असं सगळं होतं, पण फोटो नव्हता. लोक विचारायचे, वाघ नसलेला हा कसला व्याघ्र प्रकल्प? मे 2018 मध्ये कॅमेरा ट्रॅपसमोरून एक वाघ गेला, आणि वादच मिटला. डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा एकाचा फोटो मिळाला.

शेजारी गोव्यात मात्र हाच वाद महागात पडला. तिथे कित्येक वर्षं प्रश्न होता, की हे वाघ इथलेच की कर्नाटकातून येऊन-जाऊन असलेले पाहुणे? 2009 मध्ये सत्तरी तालुक्यात केरीला फासात अडकलेल्या वाघाचा फोटो बाहेर आला. तो वाघ मारला गेला होता. जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीजवळ एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषबाधा. तिथे गुरं मारली गेली होती, आणि त्याचा राग वाघांवर निघाला. आता सांगा, पाहुणी वाघीण तीन पिल्लं घेऊन फिरते का? जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करायचा आदेश दिला. तोवर पाच वाघ गेले होते.

उलटी गोष्टही ऐका, म्हणजे मी एकाच बाजूने बोलतेय असं वाटायला नको. इंग्लंडमध्ये बॉडमिन नावाच्या माळरानावर मोठं काळं मांजर फिरतं, अशी लोकांची तक्रार होती. 1995 मध्ये सरकारने चौकशी केली. खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. थोड्याच दिवसांत एका मुलाला नदीत कवटी सापडली. तपासली तर खरंच बिबट्याची! पण कवटीत उष्ण देशातल्या झुरळाच्या अंड्यांची पिशवी होती, आणि सुरीच्या खुणा होत्या. ती कवटी दिवाणखान्यात अंथरायच्या बिबट्याच्या कातड्यातून आलेली होती.

म्हणजे पुरावा तपासायलाच हवा. माझी काळी माती चुकली नव्हती. पण मी फोटो तपासला आणि तिथेच थांबले. ‘कुणाकडे काही झालंय का?’ एवढं विचारलं असतं, तर काकूंनी सकाळीच कळवलं असतं, वेळेत पंचनामा होऊन भरपाईचा अर्ज गेला असता. आता ठसे पुसले गेले, आणि शेळीचे पैसेही गेले.

तर पुढच्या वेळी असा फोटो आला, की आधी चार गोष्टी विचारा : कुणी बघितलं, कुठे, किती वाजता, आणि ठिपके होते की पट्टे? ठसा दिसला तर शेजारी पेन ठेवून फोटो काढा. वनविभागाची हेल्पलाइन 1926, नंबर सेव्ह करून ठेवा.

मी ग्रुपवर काकूंची माफी मागितली. त्यांनी फक्त अंगठा पाठवला. आजी म्हणते, तेवढं पुरे.

तुमच्या गावात ‘वाघ’ म्हणजे कोणता? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकू या. तोवर शेळ्या आत घ्या!