रेस्क्यू डायव्हर

रेस्क्यू डायव्हर हे हौशी स्कूबा डायव्हिंगमधील बचावकार्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आहे. संकटात सापडलेल्या पाणबुड्याला ओळखणे, त्याला पृष्ठभागावर आणणे आणि वैद्यकीय मदत मिळेपर्यंत त्याचा श्वास चालू ठेवणे हा या अभ्यासक्रमाचा गाभा होय. अधिक खोलीवर नेणारी प्रमाणपत्रे वेगळी आहेत. परंतु कोणत्या प्रमाणपत्राचा सर्वाधिक अभिमान वाटतो असे विचारल्यास अनुभवी पाणबुडे पुष्कळदा याचेच नाव घेतात. आधीच्या पायऱ्यांवर विद्यार्थी मुख्यतः स्वतःला सांभाळण्यास शिकतो. येथे त्याचे लक्ष सोबत्याकडे वळविले जाते, हे त्याचे कारण असावे.

स्थान व पात्रता

हौशी डायव्हिंगची प्रमाणपत्रे सर्वसाधारणपणे शासन नव्हे, तर प्रशिक्षण संस्था देतात. १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या 'पॅडी' या संस्थेच्या क्रमात ओपन वॉटर (१८ मीटरपर्यंत) आणि ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर (३० मीटरपर्यंत) यांच्यानंतर रेस्क्यू डायव्हर येते. या प्रमाणपत्राने खोलीची मर्यादा एका मीटरनेही वाढत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. किमान वय १२ वर्षे असून १५ वर्षांखालील विद्यार्थ्यांना 'ज्युनिअर' प्रमाणपत्र मिळते. मागील २४ महिन्यांत प्रथमोपचार व हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचे (सीपीआर) प्रशिक्षण झालेले असणे आवश्यक असते. डायव्हमास्टर या व्यावसायिक पायरीसाठी हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. 'एसएसआय' संस्थेचा असाच अभ्यासक्रम 'डायव्हर स्ट्रेस अँड रेस्क्यू' या नावाने चालतो. १९५३ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश सब-ॲक्वा क्लबने मात्र बचावकौशल्ये आपल्या नेहमीच्या पायऱ्यांमध्येच विभागून घातली आहेत.

प्रशिक्षणाचे स्वरूप

पॅडीच्या अभ्यासक्रमात दहा बचाव-सराव आणि त्यांनंतर खुल्या पाण्यातील दोन बनावट अपघातप्रसंग असतात. आरंभ दमलेल्या पाणबुड्याला ओढून आणण्यासारख्या साध्या गोष्टीने होतो. खरी कसोटी घाबरलेल्या पाणबुड्यापाशी लागते. असा मनुष्य बहुधा मास्क कपाळावर सारतो, रेग्युलेटर तोंडातून काढून टाकतो आणि हाताशी येईल त्यावर चढू पाहतो. म्हणून बचावकर्त्याने प्रथम स्वतःच्या जॅकेटात हवा भरावी, त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर थांबावे, आणि शक्यतो पाठीमागून त्याचा सिलिंडर धरावा, असे शिकविले जाते. त्याने मिठी मारलीच तर पाण्याखाली जावे. घाबरलेल्या माणसाला वरच राहायचे असते, त्यामुळे तो पकड सोडतो. दोन बळी जाण्यापेक्षा क्षणभर दूर राहणे बरे, हा विचार नवख्याला प्रथम निष्ठुर वाटतो.

बेशुद्ध पाणबुड्याचा सराव सर्वांत दमविणारा असतो. त्याला नियंत्रित वेगाने वर आणायचे, तोंडातील रेग्युलेटर जागेवर असल्यास तसाच ठेवायचा, पृष्ठभागावर येताच शिशाची वजने टाकून द्यायची, श्वास तपासायचा. श्वास नसल्यास सुरुवातीच्या दोन फुंकरींनंतर दर पाच सेकंदांनी एक कृत्रिम श्वास द्यायचा, आणि मधल्या चार-पाच सेकंदांतच त्याची व स्वतःची साधने काढीत किनाऱ्याकडे पोहायचे. हा ताल एकदाही न चुकविणे हे ऐकण्यापेक्षा करण्यास फार कठीण आहे. हरवलेल्या पाणबुड्याचा शोध, त्याला नावेवर चढविणे आणि दाबजन्य इजांमध्ये शुद्ध प्राणवायू देणे हेही सराव होतात. अशा इजांवर पुढील उपचार पुनर्दाब कक्षात करावे लागतात.

बनावट प्रसंगांपेक्षा प्रतिबंधाला अधिक महत्त्व दिले जाते. नावेवर अकारण गप्प झालेला किंवा साधने लावताना पुन्हा पुन्हा चुकणारा सोबती वेळीच ओळखला तर पुष्कळदा बचावाची गरजच उरत नाही.

मर्यादा

हे प्रमाणपत्र धारकाला व्यावसायिक जीवरक्षक ठरवीत नाही. त्याची मुदत संपत नाही. कौशल्य मात्र सरावाअभावी गंजते. प्रथमोपचाराची उजळणी म्हणूनच वेळोवेळी सुचविली जाते.

महाराष्ट्रातील संदर्भ

मालवण-तारकर्ली परिसरात पर्यटक प्रशिक्षकाचा हात धरून जी बुडी मारतात, ती केवळ अनुभव-बुडी होय. तिच्या छायाचित्राला किंवा प्रशस्तिपत्राला पाणबुड्याचे प्रमाणपत्र समजण्याची चूक सर्रास होते. नियमित प्रशिक्षणासाठी तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग संस्था आहे. पावसाळ्यात या किनाऱ्यावरील डायव्हिंग बंद असते.