फ्लेक: मेलबर्नच्या ताटातली शार्क आणि हौशी गरवणाऱ्याचा गळ

शार्क म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला जबडा येतो. कोकणातल्या माणसाला मात्र मोरीचं कालवण आठवतं. मोरी म्हणा, मुशी म्हणा, ती हातभर लांबीची शार्कच. उकळतं पाणी ओतून तिची खरखरीत कातडी खरवडायची आणि मटणासारखा मसाला लावून शिजवायची. बाळंतिणीला दूध यावं म्हणून ती मुद्दाम खायला घालतात. इंग्रजीत एका लहान शार्कला ‘मिल्क शार्क’ हे नाव पडलं, ते भारतातल्या याच समजुतीवरून. त्यामुळे आज आम्ही जी गोष्ट सांगणार आहोत ती ऑस्ट्रेलियातली असली, तरी तुम्हाला अगदीच परकी वाटू नये.

मेलबर्न शहर ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात तळलेल्या मासळीच्या दुकानात गेलात, तर फलकावर ‘फ्लेक’ लिहिलेलं दिसेल. हा फ्लेक म्हणजे शार्क. पिढ्यान् पिढ्या लोक तो खातात आणि कित्येकांना आपण शार्क खातो हे माहीतही नसतं. या एका नावाखाली मुख्यतः दोन शार्क विकल्या गेल्या, स्कूल शार्क आणि गमी शार्क. आजच्या भाषणाचं सगळं नाट्य या दोघींच्या फरकात आहे.

सुरुवात स्कूल शार्कपासून झाली. १९२० च्या दशकात लांब दोराला शेकडो गळ लावून ती धरायला लागले. मग दुसरं महायुद्ध आलं. युरोपातून येणारं कॉड माशाच्या काळजाचं तेल बंद झालं आणि ‘अ’ जीवनसत्त्वासाठी शार्कच्या काळजाला एकदम भाव आला. गंमत बघा, अगदी त्याच काळात आणि त्याच कारणाने आपल्याकडे मुंबई, मद्रास, त्रावणकोर इथेही शार्कच्या काळजाचं तेल काढायला सुरुवात झाली. पुढे ‘अ’ जीवनसत्त्व कारखान्यात तयार व्हायला लागलं आणि तेलाचा बाजार बसला. मेलबर्नला मात्र तोवर मांसाची चव लागली होती.

त्या सुमारास ऑलसेन नावाच्या शास्त्रज्ञाने एक चिकाटीचं काम केलं. त्याने स्कूल शार्कना खुणेची पट्टी लावून परत समुद्रात सोडलं, आणि त्यांची पिल्लं कुठे वाढतात ते शोधलं. मेलबर्नसमोरचा पोर्ट फिलिप उपसागर आणि टास्मानियातल्या उथळ खाड्या ही त्यांची पाळणाघरं निघाली. त्याने खूण केलेली एक शार्क चाळीसहून अधिक वर्षांनी पुन्हा सापडली! आता विचार करा, जो मासा इतका जगतो, वयात यायलाच दहाएक वर्षं घेतो आणि दोन-तीन वर्षांतून एकदा विते, त्याला आपण बांगड्यासारखा उपसायला लागलो तर काय होईल? जे व्हायचं तेच झालं. १९९० च्या दशकात त्याच पाळणाघरांची पुन्हा पाहणी केली, तेव्हा जुन्या नोंदींच्या मानाने पिल्लं फारच थोडी उरली होती. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाने स्कूल शार्कला संरक्षणाच्या यादीत घातलं.

मध्येच एक विचित्र वळण आलं. मोठ्या, म्हाताऱ्या शार्कच्या मांसात पारा साठतो आणि तो शिजवून जात नाही. म्हणून १९७२ मध्ये व्हिक्टोरियाने मोठ्या स्कूल शार्कच्या विक्रीवर बंदी घातली. काळजी माणसाच्या पोटाची होती, शार्कची नव्हे. पण त्यामुळे मच्छीमार गमी शार्ककडे वळले, आणि गमी टिकली.

ती का टिकली? एक तर ती लवकर वयात येते. दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिच्यासाठी वापरतात त्या जाळ्याचं आस सहा ते साडेसहा इंची असतं. अगदी लहान शार्क त्यातून निसटते, आणि मोठीचं डोकं त्यात शिरतच नाही. म्हणजे मधल्या वयाच्या तेवढ्या सापडतात आणि जास्त पिल्लं देणाऱ्या थोरल्या माद्या वाचतात. निवड माणूस करत नाही, जाळं करतं.

हौशी माणसाच्या गळाला मात्र आस नसतं. मेलबर्नच्या आग्नेयेला वेस्टर्न पोर्ट नावाचा उपसागर आहे. भरती-ओहोटीचा ओढ तिथे जबरदस्त असतो. ओढ मंदावला की लोक वामाचा किंवा माकुलाचा तुकडा लावून गमी गरवतात. गळाला लागेल ते लागेल, एवढीशीही आणि माणसाच्या उंचीची थोरलीही. कायदा सांगतो, गमी आणि स्कूल दोन्ही मिळून माणशी दोनच. लांबी किमान ४५ सेंटिमीटर, तीही शेवटच्या कल्ल्याच्या फटीपासून शेपटीच्या बुडापर्यंत. नाकापासून का नाही? कारण शार्कचं डोकं आणि शेपूट होडीवरच उडवायची जुनी रीत आहे, उरलेल्या धडावर माप घेता आलं पाहिजे. निदान आम्ही तरी तो अर्थ असाच लावतो.

पण यात वरची मर्यादा नाही. थोरली ठेवायची की सोडायची हे गरवणाऱ्याने ठरवायचं. जाणते लोक मध्यम आकाराचीच ठेवतात. त्यात नुसता परोपकार नाही, लहानीत पारा कमी असतो आणि मांसही कोवळं असतं.

ठेवायची ठरली तर घाई करावी लागते. शार्कच्या रक्तामांसात युरिया असतो, खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी टिकवण्याची तिची ती युक्ती. मेल्यावर त्याचा अमोनिया होतो आणि मांसाला असा दर्प येतो की शेजारी दार लावून घेतील. म्हणून धरल्याबरोबर गळ्याखाली कापून रक्त काढायचं, पोट साफ करायचं आणि बर्फात घालायची. आपल्या कोळणींना हे सांगायला नको, ताजी मोरी आणि शिळी मोरी त्या लांबूनच ओळखतात.

त्याआधी मात्र तोंड उघडून बघावं लागतं. गमीचे दात फरशी बसवल्यासारखे सपाट असतात, खेकडे चिरडायला. पाठीवर पांढरे ठिपकेही असतात. स्कूल शार्कचे दात तिकोनी आणि धारदार, नाकाडाची कड अर्धपारदर्शक, शेपटीला खोल खाच. रात्रीच्या वेळी, हलत्या होडीत, विजेरीच्या उजेडात हे बघायला अर्धं मिनिट लागतं. दुसरी निघाली, तर बरेचजण दोर तोडून तिला पाण्यात जाऊ देतात.