चामड्याला 'खाऊ घालण्या'ची गोष्ट: खोगिरापासून मोटारीच्या आसनापर्यंत 🧵

१/ मोटारीच्या चामडी आसनांना काय लावावे? दुकानात क्लीनर, कंडिशनर, मेण, बाम अशा बाटल्यांची रांग असते आणि त्यांतल्या बहुतेकींवर एकच आश्वासन असते: चामड्याचे पोषण. ही पोषणाची कल्पना मोटारीहून जुनी आहे. ती कुठून आली आणि कुठे फसली, हे आजच्या धाग्यात पाहू.

२/ कातडे म्हणजे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे. कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते, वाळले तर फळीसारखे ताठ होते. ते कमावताना साली-फळांतील टॅनिन तंतूंत मुरवले जाते. शेवटी तेल किंवा चरबी दिली जाते, जेणेकरून तंतू एकमेकांवर सरकत राहतील. पाऊस, घाम आणि धुण्याने हे तेल हळूहळू निघून जाते. म्हणून खोगीर, लगाम आणि बग्गीच्या साजाला पुन्हापुन्हा तेल द्यावे लागे.

३/ इंग्लंडात यासाठी नीट्सफूट तेल वापरत. 'नीट' हा गुरांसाठीचा जुना इंग्रजी शब्द. गुरांच्या पायांची हाडे उकळून हे तेल काढत. आपल्याकडे कोल्हापुरी वहाणेला खोबरेल किंवा एरंडेल लावतात, त्यामागचा तर्क हाच. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले ते चामडे उघडे असते, त्यावर लेप नसतो; तेल थेट आत शिरते. (हे रसायनशास्त्र ज्या ढोर आणि चर्मकार कारागिरांच्या हातांत होते, त्यांना आपण गावकुसाबाहेर ठेवले, हेही या इतिहासात नोंदवायलाच हवे.)

४/ मग मोटार आली. सुरुवातीच्या मोटारींचे सांगाडे बग्ग्या बांधणारे कारागीरच सजवत. एक गंमत पाहा: अनेक आलिशान गाड्यांत चामडे होते ते चालकाच्या आसनाला. मालक मागच्या बंद भागात लोकरी कापडावर बसे. चालक उघड्यावर, पावसात. त्याच्या आसनाला टिकाऊ वस्तू हवी. चामडे म्हणजे श्रीमंती, हे समीकरण नंतरचे.

५/ १८७८ साली लंडनमध्ये सुरू झालेली कॉनॉली ही पेढी पुढे रोल्स-रॉइसला चामडे पुरवू लागली. तिने चामड्यासाठी विकलेल्या मलमाचे नाव होते 'हाइड फूड', म्हणजे कातड्याचे अन्न. तबेल्यातली सवय अशी डबीत भरून गॅरेजमध्ये पोहोचली.

६/ या 'अन्ना'ची खरी परीक्षा मात्र ग्रंथालयांत झाली. जुन्या गॅझेटिअरच्या पाठीवरून हात फिरवल्यावर बोटांना लागणारी तांबूस भुकटी तुम्ही पाहिली असेल. तिला 'रेड रॉट' म्हणतात. १८४०च्या दशकात मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या अथेनियम क्लबातील पुस्तकांची अशीच नासाडी गॅसदिव्यांच्या धुराशी जोडली होती. धुरातील गंधकाचे शेवटी आम्ल बनते.

७/ पुढे लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने पुस्तकबांधणीच्या चामड्यावर समिती नेमली. तिच्या निष्कर्षांत आपलेही नाव येते. सुमाक या झुडपाच्या पानांनी कमावलेले चामडे टिकाऊ ठरले. हिंदुस्थानातून जाणारे, तरवडाच्या सालीने कमावलेले शेळी-मेंढीचे चामडे मात्र लवकर ढासळते, असे दिसले. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी बहरणारा तोच हा तरवड. पण दोष एकट्या सालीचा नव्हता. रंग खुलवण्यासाठी रंगारी गंधकाम्ल वापरत, तेही समितीने दोषी ठरवले.

८/ तरीही उपाय म्हणून तेलच पुढे आले. ब्रिटिश म्युझियमच्या प्रसिद्ध लेपात लॅनोलिन (लोकरीतील मेणचट स्निग्धांश), सीडरवुड तेल आणि मधमाशीचे मेण असे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या १९५६च्या पुस्तिकेत ६० टक्के नीट्सफूट आणि ४० टक्के लॅनोलिन अशी कृती होती. जगभरच्या ग्रंथपालांनी निष्ठेने पुस्तके माखली.

९/ याच काळात एक संथ प्रयोगही चालू होता. १९३०च्या दशकात एकसारख्या चामड्यांत बांधलेली पुस्तके लंडनमध्ये आणि वेल्सच्या किनाऱ्यावरील ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवली गेली. कित्येक वर्षांनी पाहिले तर लंडनच्या दूषित हवेतली पुस्तके कितीतरी अधिक खराब झालेली. आम्लाने तुटलेला तंतू तेलाने जुळत नाही. उलट जादा तेल काळपट डाग पाडते, कागदात झिरपते, धूळ धरते आणि कधी पृष्ठभागावर पांढुरका थर आणते. विसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक संवर्धकांनी हे माखणे सोडून दिले.

१०/ मोटारीच्या बाबतीत आणखी एक उलथापालथ झाली होती. १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टस शुल्झ यांनी क्रोमियम क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले. १८९३ साली मार्टिन डेनिस यांनी ती कृती सोपी केली. महिन्यांचे काम दिवसांत होऊ लागले. पुढे अशा चामड्यावर रंगाचा आणि वर पॉलियुरेथेनचा पातळ थर चढू लागला. आजच्या बहुतेक गाड्यांत तुम्ही बसता ते या थरावर. खालच्या चामड्याला तुमचा स्पर्शही होत नाही.

११/ तेव्हा बाटली निवडण्याआधी आसनाच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. तो तसाच उभा राहिला, तर थर आहे. मग तेल आत जाणार नाही. वर राहून चकाकेल आणि धूळ ओढेल. अशा आसनाला हवा पाण्यावर आधारित सौम्य क्लीनर, मऊ ब्रश आणि ओलसर फडके. चामडे स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे कपड्यांचा साबण किंवा खाण्याचा सोडा नको. स्पिरिट, थिनर तर नकोच. ते थरच उचकटतात. इथे कंडिशनरचे काम 'पोषण' नव्हे. घासण कमी करणे आणि जीन्सचा निळा रंग सहज चढू न देणे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षावे.

१२/ थेंब लगेच शोषला जाऊन गडद डाग पडला, तर ते उघडे, ॲनिलीन प्रकारचे चामडे. तिथे त्यासाठीच बनवलेले क्रीम अगदी थोडे, आणि आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे.

१३/ जुन्या मोटारी जपणाऱ्यांसाठी एक सूचना. आजोबांच्या गाडीच्या आसनाला भेगा पडल्या असतील, तर त्यांत तेल ओतण्याचा मोह टाळा. तंतू आधीच तुटलेले असतात आणि तेलकट भेगेवर दुरुस्तीचा भराव नीट धरत नाही. आधी जाणकाराला दाखवा, आणि तोवर काचेतून येणारे ऊन अडवा. घरातली खोबरेलाची बाटली कोल्हापुरीसाठी ठेवा.