बेरिया कॉलेज : शुल्क नाही, श्रम मात्र सर्वांना

केंटकी राज्यातील लेक्झिंग्टन शहरातून दक्षिणेकडे निघाले की सुमारे ४० मैलांवर घोड्यांच्या कुरणांचा हिरवा, सखल प्रदेश संपतो आणि ॲपलेशियन डोंगरांच्या पायथ्याच्या टेकड्या सुरू होतात. या सीमेवर बेरिया हे छोटे गाव वसले आहे आणि गावाच्या मधोमध त्याच नावाचे कॉलेज. विद्यार्थिसंख्या दीड हजाराच्या आसपास. अमेरिकेतील खासगी कॉलेजांत वर्षाला ४० हजार डॉलरांहून अधिक शिक्षणशुल्क ही आज सर्वसाधारण गोष्ट झाली असताना बेरियाने १८९२ पासून शिक्षणशुल्क आकारलेले नाही. त्याबरोबर एक अट मात्र आहे. येथे शिकणाऱ्या प्रत्येकाला आठवड्यातून किमान दहा तास कॉलेजने दिलेले काम करावे लागते. या अटीतून कोणाचीही सुटका नाही. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्याचीही नाही आणि गाण्यात किंवा खेळात नाव कमावणाऱ्याचीही नाही.

येथील विद्यार्थ्याचा दिवस या कामाभोवती गुंफलेला असतो. सकाळी रसायनशास्त्राचे व्याख्यान ऐकणारी मुलगी दुपारी हातमागावर बसलेली दिसते. इतिहासाचा विद्यार्थी भोजनगृहातील भांड्यांच्या यंत्राजवळ उभा असतो. कोणी ग्रंथालयात पुस्तके लावतो, कोणी संगणक दुरुस्त करतो, कोणी प्रयोगशाळेत प्राध्यापकांच्या संशोधनात मदत करतो. कॉलेजची शेती १८७१ पासून चालू असून जनावरे, भाजीपाला आणि धान्य यांची बरीचशी देखभाल विद्यार्थ्यांच्या हाती आहे. कॉलेजच्या मालकीचे हजारो एकरांचे जंगल आहे आणि त्यातील काही ओंडके आजही खेचरे आणि घोडे जुंपून बाहेर ओढले जातात. गावातील बून टॅव्हर्न हे १९०९ साली बांधलेले हॉटेलही कॉलेजचेच. तेथे प्रवाशाचे सामान उचलणारा किंवा टेबलावर मक्याच्या पिठाची मऊ ‘स्पूनब्रेड’ वाढणारा तरुण बहुधा तत्त्वज्ञानाचा किंवा जीवशास्त्राचा विद्यार्थी असतो.

पहिल्या वर्षीचे काम सहसा कॉलेजच नेमून देते. पुढील वर्षांत विद्यार्थी आपल्या आवडीच्या विभागात अर्ज करतो, मुलाखत देतो आणि हळूहळू नवख्यांवर देखरेख करण्याइतका वर चढतो. कामाचे मूल्यमापन होते आणि पदवीच्या वेळी त्याच्या हाती दोन गुणपत्रके पडतात, एक अभ्यासाचे आणि दुसरे श्रमाचे. कामात सतत हयगय करणाऱ्याला अभ्यासात नापास होणाऱ्याप्रमाणेच ताकीद मिळते आणि प्रसंगी कॉलेजही सोडावे लागते. तासाला मिळणारा मोबदला तुटपुंजा असतो. वह्या-पुस्तके आणि किरकोळ खर्च त्यातून निघतो, एवढेच. परीक्षेच्या आठवड्यात पहाटेची पाळी लागलेल्या मुलांची कुरकुर जगातील कोणत्याही वसतिगृहातील कुरकुरीसारखीच असते.

कॉलेजची मराठी माणसाला सर्वांत ओळखीची वाटावी अशी कार्यशाळा केरसुण्यांची आहे. १९२० पासून ती अखंड चालू आहे. त्यासाठी जे पीक लागते ते ज्वारीचीच एक जात आहे. तिला भाकरीजोगा दाणा नसतो, पण तिचा तुरा लांब आणि चिवट असतो. हे तुरे भिजवून, पायाने फिरणाऱ्या जुन्या यंत्रावर दोऱ्याने दांड्याला आवळून बांधले जातात आणि मग हाताने शिवले जातात. सोलापूर-बार्शीकडच्या ज्वारीच्या या दूरच्या बहिणीपासून बनलेल्या बेरियाच्या केरसुण्या आज देशभर भेटवस्तू म्हणून विकल्या जातात. त्यांच्या किमती पाहता त्यांनी कोणी अंगण झाडत असेल असे वाटत नाही.

विणकामाचा विभाग त्याहून जुना. १८९३ च्या सुमारास अध्यक्ष विल्यम फ्रॉस्ट यांनी डोंगरातील बायकांनी घरी विणलेल्या चादरी शुल्काऐवजी स्वीकारण्यास आणि उत्तरेकडील शहरांत विकण्यास सुरुवात केली. त्यातून कॉलेजचा हातमाग विभाग उभा राहिला. या हातमागाचा एक धागा थेट महाराष्ट्रात पोहोचतो. डेव्हिड कॅरल चर्चिल हे अमेरिकन अभियंता विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आले होते. गिरणीच्या कापडापुढे हातमागवाला टिकावा म्हणून त्यांनी तेथे धावत्या धोट्याचा, वेगाने चालणारा हातमाग तयार केला. त्या काळातील भारतीय उद्योगांविषयीच्या चर्चेत ‘चर्चिल माग’ हे नाव येते ते यामुळेच. मायदेशी परतल्यावर ते बेरियात शिकवण्यासाठी आले आणि १९२२ मध्ये पत्नी एलेनॉर यांच्यासह त्यांनी गावात ‘चर्चिल वीव्हर्स’ हा स्वतंत्र कारखाना काढला. तो पुढे अमेरिकेतील हातमागाच्या प्रमुख कारखान्यांपैकी एक झाला आणि २००७ पर्यंत चालला. नगरच्या विणकरांसाठी शोधलेली युक्ती केंटकीच्या डोंगरी मुलींच्या उपजीविकेचे साधन बनली, ही गोष्ट दोन्ही गावांत फारशी कोणाला ठाऊक नाही.

श्रम सर्वांना सक्तीचे करण्याचा नियम १९०६ चा आहे. कॉलेजचे फेल्प्स स्टोक्स चॅपल त्याच वर्षी पूर्ण झाले आणि तेही विद्यार्थ्यांच्याच श्रमातून. नियम विसाव्या शतकातील असला तरी त्यामागील विचार फार जुना आहे, आणि तो समजण्यासाठी कॉलेजच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

जॉन ग्रेग फी हे गुलामगिरीचे कट्टर विरोधक असलेले धर्मोपदेशक होते. केंटकीत तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती आणि खुद्द फी यांचे वडील गुलामांचे मालक होते. मुलाच्या मतांमुळे त्यांनी त्याच्याशी संबंध तोडले. कॅशियस मार्सेलस क्ले या धनाढ्य जमीनदाराने फी यांना बेरियाची जागा दिली. (पुढे मुहम्मद अली म्हणून गाजलेल्या मुष्टियोद्ध्याच्या वडिलांना याच क्ले यांचे नाव ठेवण्यात आले होते आणि तेच वारशाने मुलाकडे आले.) १८५५ मध्ये एका खोलीची शाळा सुरू झाली. १८५९ साली कॉलेजची जी पहिली नियमावली लिहिली गेली तिच्यात संस्था सांप्रदायिकता, गुलामगिरी आणि ‘कास्ट’ यांच्या विरोधात राहील असे नमूद होते. त्या काळी अमेरिकेतील गुलामगिरीविरोधक वर्णावर आधारलेल्या उच्चनीचतेसाठी हा शब्द सर्रास वापरत. तो त्यांनी भारताच्या वर्णनांतून उचलला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस सशस्त्र जमावाने फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जिल्ह्याबाहेर हाकलले.

यादवी युद्ध संपल्यावर ते परतले. १८६६ मध्ये शाळेत १८७ विद्यार्थी होते; त्यांपैकी ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ श्वेतवर्णीय. मुले-मुली एकाच वर्गात बसत. दक्षिणेत असे दुसरे दृश्य तेव्हा शोधूनही सापडले नसते. १८७३ मध्ये कॉलेजने पहिल्या पदव्या दिल्या. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते निग्रो दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. फी यांचे नाव जोतीरावांच्या कानी गेले असेल असे मानण्यास आधार नाही. परंतु ती अर्पणपत्रिका ज्यांना उद्देशून होती त्यांत बेरियाच्या या माणसांची गणना निःसंशय करावी लागेल.

पुढील इतिहास तितका गौरवास्पद नाही. फ्रॉस्ट यांच्या कारकिर्दीत कॉलेजने डोंगरातील गरीब श्वेतवर्णीयांकडे मोहरा वळवला आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटत गेले. माजी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आवाजही उठवला. मग १९०४ मध्ये केंटकीच्या विधिमंडळाने ‘डे कायदा’ करून दोन्ही वर्णांना एकत्र शिकवणे गुन्हा ठरवले. त्या कायद्याचे लक्ष्य प्रत्यक्षात बेरियाच होते. कॉलेजला एक हजार डॉलर दंड झाला, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०८ मध्ये कॉलेज हरले. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी नोंदवलेले भिन्नमत कायद्याच्या वर्गात आजही वाचले जाते. बेरियाने निधी जमवून १९१२ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी लिंकन इन्स्टिट्यूट ही वेगळी शाळा काढून दिली. स्वतःच्या वर्गात मात्र १९५० मध्ये कायदा शिथिल होईपर्यंत त्यांना जागा देता आली नाही. कृष्णवर्णीयांच्या इतिहासलेखनाचे जनक मानले जाणारे कार्टर वुडसन हे बेरियाचेच पदवीधर. त्यांचे पदवीचे वर्ष १९०३, म्हणजे दार बंद होण्याच्या अगदी आदले.

फी यांच्या नियमावलीतील तो ‘कास्ट’ शब्द आणि फ्रॉस्ट यांच्या काळातील सक्तीचे श्रम एकत्र वाचले की बेरियाची दिनचर्या नीट उलगडते. भांडी कोण घासणार आणि पुस्तक कोण वाचणार ही विभागणी जेथे जन्मावरून ठरते तेथे उच्चनीचता असते. ती विभागणीच येथे मोडून टाकली आहे. महाराष्ट्रात हेच कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ओळखले होते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊरावांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ ही योजना कॉलेजचा पायाच होती.

दोन्हींत एक मोठा फरक आहे आणि तो पैशाचा. रयतेच्या मुलांनी खडी फोडली, शेती केली, तेव्हा त्यांचे पोट आणि शाळा काही अंशी तरी त्यावर चालत होती. उरलेले मूठमूठ धान्याच्या मुष्टिफंडातून आणि लक्ष्मीबाई पाटील यांच्या मोडलेल्या दागिन्यांतून भागले. बेरियाच्या केरसुण्या विकून दीड हजार मुलांचे शिक्षण होत नाही. ते होते कॉलेजच्या प्रचंड कायम निधीच्या व्याजातून. मृत्युपत्राद्वारे येणारी, विशिष्ट कारणासाठी न बांधलेली प्रत्येक देणगी खर्च न करता निधीतच टाकायची, असा ठराव विश्वस्तांनी १९२० मध्ये केला आणि तो काटेकोरपणे पाळला. शंभर वर्षांत त्याचे एक अब्ज डॉलरांहून अधिक झाले. अमेरिकी काँग्रेसने २०१७ मध्ये श्रीमंत विद्यापीठांच्या निधीवर कर बसवला तेव्हा त्या जाळ्यात बेरियाही सापडले होते. पुढच्याच वर्षी, शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या हाच निकष धरून कायद्यात दुरुस्ती झाली आणि ते सुटले. तेव्हा बेरियातील श्रम हा शुल्काचा मोबदला आहे असे म्हणणे तितकेसे खरे नाही. तो अभ्यासक्रमाचाच एक विषय आहे, आणि म्हणूनच त्यातून कोणाला सूट देता येत नाही.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत आज ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव घालणारा विद्यार्थी ओळखू येतो. बाग झाडणाऱ्याकडे मित्र कोणत्या नजरेने पाहतात याची चिंता त्याला असते. बेरियात तशी चिंता नाही, कारण पाहणाऱ्याच्या हातातही झाडूच असतो. पण ही समता एका वेगळ्या नियमाने विकत घेतलेली आहे, हेही सांगितले पाहिजे : ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर आहे त्यांना येथे सहसा प्रवेश मिळत नाही. श्रीमंत आणि गरीब मुले एकत्र भांडी घासतात असे चित्र कोणी रंगवले तर ते चुकीचे ठरेल. येथे सगळेच गरीब घरचे असतात आणि त्यांतील बहुसंख्य ॲपलेशियाच्या डोंगरी जिल्ह्यांतून, अनेकदा कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या गावांतून येतात.

वर्षातील दोन दिवस कॉलेजचे वर्ग बंद ठेवून साजरे होतात. ऑक्टोबरमधील ‘माउंटन डे’ १८७५ पासून चालत आला आहे. काळोख असतानाच मुले टॉर्च घेऊन निघतात आणि कॉलेजच्या जंगलातील पिनॅकल्स नावाच्या कड्यावर सूर्योदयाला पोहोचतात. खाली दरीत धुके आणि लाल-पिवळी पाने, वर ब्लँकेट गुंडाळून बसलेले विद्यार्थी. उतरल्यावर दिवसभर खाणेपिणे, गाणी, खेळ आणि ॲपलेशियन लोकनृत्य चालते. लोकनृत्य हा तर येथील वर्षभराचा छंद आहे. १९३८ पासून नाताळच्या सुट्टीत नृत्यशिबिर भरते आणि बाहेरगावचे लोकही त्यासाठी येतात.

दुसरा दिवस वसंतातला, ‘लेबर डे’. सप्टेंबरमधील राष्ट्रीय कामगार दिनाशी त्याचा संबंध नाही. या दिवशी चांगले काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचा सत्कार होतो आणि निरनिराळे विभाग आपापले काम मांडून पुढील वर्षासाठी मुले शोधतात. अन्य कॉलेजांत असा गौरव फुटबॉलपटूंच्या वाट्याला येतो. येथे तो गोठा सांभाळणाऱ्या मुलीच्या वाट्याला येऊ शकतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या मुलांच्या अर्जांत बेरियाचे नाव क्वचितच आढळेल. उत्पन्नाची मर्यादा हे त्याचे सरळ कारण. शिवाय ज्या घरांत कॉलेजची निवड क्रमवारी पाहून होते तेथे केरसुण्या बांधण्याचे काम शिकवणारी संस्था कोणाच्या नजरेत भरणे अवघड. भारतातून थेट अर्ज करणाऱ्यांसाठी वाट थोडी वेगळी आहे. परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षणशुल्क नसते, पहिल्या वर्षीचा राहण्या-जेवण्याचा खर्चही कॉलेज उचलते आणि त्यानंतर उन्हाळी कामाच्या बचतीतून थोडा वाटा विद्यार्थ्याला उचलावा लागतो. जागा मात्र दरवर्षी मोजक्याच असतात आणि त्यांसाठी जगभरातून अर्ज येतात. निवड झाली तर पहिल्याच सत्रात अभ्यासाच्या वेळापत्रकासोबत कामाच्या पाळीचे वेळापत्रकही हाती येते.