लवंगी मिरची आणि डोईवरचा पदर

आज गप्पा सुलोचनाबाई चव्हाणांच्या. कोल्हापूरच्या लवंगी मिरचीची लावणी ऐकली नाही अशी बाई आपल्या शिरोलीत तरी सापडायची नाही. फाउंड्रीच्या पाळीला निघालेल्या बायांच्या मोबाइलवर असते, हळदीकुंकवाच्या मांडवात असते. मग आपण समजतो, गाणारी बाई आपल्याच कोल्हापूरची. तसं नाही. सुलोचनाबाई गिरगावच्या, जन्म १९३३ चा, माहेरचं आडनाव कदम. कोल्हापूरचे ते गीतकार. जगदीश खेबुडकर, पेशाने शाळामास्तर.

लहानपणी सुलोचना मेळ्यात गायची, नाटकात कामं करायची. गुरूपुढे बसून गाणं शिकणं काही झालं नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकायच्या आणि गळ्यात उतरवायच्या, हीच शाळा. परकर-पोलक्याच्या वयातच सिनेमासाठी गाणं सुरू झालं. पुढं हिंदीत ‘सुलोचना कदम’ हे नाव झालं. १९५१ च्या ‘ढोलक’ सिनेमातली श्यामसुंदर यांच्या चालीची त्यांची गाणी आजही जुने शौकीन काढून ऐकतात. आवाज हळुवार, लाजरा. ही मुलगी उद्या ठसक्यात लावणी म्हणेल, असं तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

घरात तर लावणी गुणगुणलेलीही आईला खपत नसे. आईचा तरी काय दोष? लावणी म्हणजे फड, फड म्हणजे दौलतजादा, आणि तिथली बाई म्हणजे नावाला बट्टा, असाच हिशेब होता. स्वातंत्र्यानंतर लगेच सरकारनेही तमाशावर बंदी घातली होती. ती उठली ती अटी घालूनच.

तरी १९५१ मध्येच ‘हीच माझी लक्ष्मी’ या सिनेमात वसंत देसाईंनी त्यांच्याकडून लावणी गाऊन घेतली. पडद्यावर हंसा वाडकर. दोन वर्षांनी श्यामराव चव्हाणांशी लग्न झालं, आणि इथं गोष्टीला वळण मिळालं. कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, कुठं आवाज दाबायचा, कुठं सोडायचा, हे नवऱ्याने बसून शिकवलं. बाईच्या गाण्यावर नवरा अशी मेहनत घेतो, हे त्या काळात किती घरांत घडलं असेल? आजही मोजून बघा.

मग १९६२ साली ‘रंगल्या रात्री अशा’ आला. खेबुडकरांचे शब्द, वसंत पवारांची चाल, आणि लवंगी मिरची घराघरांत गेली. पाठोपाठ ‘सवाल माझा ऐका’, ‘मल्हारी मार्तंड’. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं.

पण मला नवल वाटतं ते त्यांच्या उभं राहण्याचं. कार्यक्रमात डोईवर पदर, दोन्ही खांदे झाकलेले, समोर माइक. नाच नाही, अदा नाही. सगळा शृंगार गळ्यातून. त्यामुळे लावणी ऐकायला घरंदाज बाया नवऱ्याशेजारी, सासूशेजारी येऊन बसू लागल्या. फडाकडे पाठ फिरवणाऱ्या घरांत रेडिओवरून लावणी शिरली.

आता एक गोष्ट जरा टोचते, ती बोलूनच टाकते. पदर घेऊन गाणाऱ्या बाईला आपण मान दिला, पण तीच लावणी घुंगरं बांधून, रात्र रात्र नाचून ज्यांनी जगवली, त्या फडातल्या बायांना? गाणं आपल्या घरात आलं, त्या मात्र उंबऱ्याबाहेरच राहिल्या. यात सुलोचनाबाईंना बोल नाही. त्यांनी मिळेल त्या वाटेने गाणं पुढं नेलं. प्रश्न आपल्याला आहे. गावच्या जत्रेत तमाशाचा तंबू लागतो, तेव्हा आपल्या बचत गटातली कितीजणी त्या बायांना पाणी विचारायला जातात?

सुलोचनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०२२ मध्ये, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर. त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या. त्यांचा मुलगा विजय चव्हाण. कुठल्याही लावणीच्या कार्यक्रमात ढोलकीचं नाव निघालं, की जाणकार पहिल्यांदा त्याचंच नाव घेतात.