जनुकीय संकेताची उत्क्रांती : ओबेद सिद्दिकी यांच्या संशोधनाच्या संदर्भात

पेशीत प्रथिने तयार होताना जनुकातील चार अक्षरांच्या लिपीचे वीस अमिनो आम्लांच्या भाषेत रूपांतर होते. तीन अक्षरांचा एक शब्द याप्रमाणे ६४ शब्द होतात. ६१ शब्द अमिनो आम्ले दर्शवितात, तर ३ शब्द प्रथिनाची साखळी थांबवितात. जीवाणूपासून मानवापर्यंत ही लिपी जवळजवळ एकच आहे. ती आरंभापासून अशीच होती काय, या प्रश्नाचा इतिहास मुंबईशीही जोडलेला आहे.

ओबेद सिद्दिकी व अ‍ॅलन गॅरेन यांचे ई. कोलाय जीवाणूवरील अमेरिकेतील संशोधन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. एका उत्परिवर्तनाने बंद पडलेली प्रथिननिर्मिती दुसऱ्या जनुकातील उत्परिवर्तनाने अंशतः पुन्हा सुरू होते, असे त्यात आढळले. त्याच वर्षी होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून सिद्दिकी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला. या घटनेचे कारण पुढे स्पष्ट झाले : अमिनो आम्ल वाहून आणणारा आरएनए रेणू बदलला, की 'थांबा' हा शब्दही अमिनो आम्ल म्हणून वाचला जातो.

म्हणजेच शब्दाचा अर्थ वाचणारी यंत्रणा ठरविते आणि ती यंत्रणा बदलू शकते. मात्र एका शब्दाचा अर्थ बदलल्यास असंख्य प्रथिने एकाच वेळी बिघडतात. म्हणूनच १९६८ मध्ये फ्रान्सिस क्रिक यांनी या लिपीस 'गोठलेला अपघात' ही कल्पना लावली. १९७९ मध्ये मात्र मानवी तंतुकणिकेत एक 'थांबा' संकेत ट्रिप्टोफॅन दर्शवितो, असे दिसून आले. तंतुकणिकेच्या स्वतःच्या जनुकांतून केवळ १३ प्रथिने बनतात. तेथे बदलाची किंमत अल्प होती. प्रारंभीच्या जीवसृष्टीतही प्रथिने मोजकीच असताना ही लिपी घडली असावी, या मतास त्यामुळे बळ मिळते.